मीठ आणि आर्द्रतामापकाची पारख
सिगार ज्या पेटीत मुरत ठेवतात, त्या ह्युमिडॉरमधील सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त राहू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेला वाटा, साधारणपणे ६५ ते ७२ टक्क्यांच्या दरम्यान राखावी लागते. त्याखाली तंबाखूची पाने ठिसूळ होतात आणि दीर्घकाळ ७५ टक्क्यांच्या वर राहिल्यास बुरशीचा धोका वाढतो. पट्टा इतका अरुंद असल्यामुळे, पाच टक्क्यांनी चुकणारा आर्द्रतामापक नसलेलाच बरा.

या उपकरणाची चूक मूळ रचनेतूनच येते. काट्याच्या स्वस्त मापकात ओलावा शोषून कमी-जास्त वळणारी गुंडाळी असते, तर अंकी मापकात बहुलकाचा (पॉलिमरचा) पातळ थर ओलावा शोषतो आणि त्याची विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते. दोन्हींतील पदार्थ काळानुसार जुने होतात, त्यामुळे नव्या उपकरणाचीही पारख करून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी लागणारे मानक, म्हणजे ज्याच्याशी नोंद ताडून पाहायची ते, स्वयंपाकघरातच असते: मीठ. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात थेंबथेंब पाणी घालावे. ते ओल्या वाळूसारखे व्हावे, पण पूर्ण विरघळता कामा नये. हे झाकण आणि मापक, मिठाचा स्पर्श होऊ न देता, पारदर्शक हवाबंद डब्यात शेजारी ठेवून किमान आठ तास, शक्यतो पूर्ण दिवस, तसेच राहू द्यावे आणि डबा न उघडता आकडा वाचावा. तो ७५ असायला हवा. ७१ दिसला, तर पुढील प्रत्येक नोंदीत ४ मिळवावेत. काट्याच्या मापकाला मागे स्क्रू असल्यास काटाच सरकवावा.

हा आकडा इतका निश्चित असण्याचे कारण मोठे सुंदर आहे. मिठाचे आयन (विद्युतभारित कण) पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात, त्यामुळे संपृक्त द्रावणावरील, म्हणजे आणखी मीठ विरघळू शकत नाही अशा द्रावणावरील, बाष्पदाब शुद्ध पाण्याच्या सुमारे तीन-चतुर्थांश राहतो. डब्यातील हवा कोरडी असेल, तर थोडे पाणी उडून जाते आणि तेवढे मीठ स्फटिकरूपाने वेगळे होते. हवा दमट असेल, तर बाष्प द्रावणात शिरते आणि आणखी मीठ विरघळते. न विरघळलेले मीठ आणि द्रावण दोन्ही शिल्लक असेपर्यंत द्रावणाची संहती, म्हणजे त्यातील मिठाचे प्रमाण, बदलत नाही. तापमानाचाही फरक नगण्य पडतो: २० अंश सेल्सियसला ७५.५ टक्के, २५ अंशांना ७५.३.

डब्यातील तापमान मात्र सर्वत्र सारखे हवे. मापक मिठापेक्षा एका अंशाने गरम असला, तरी नोंद चारेक टक्क्यांनी खाली येते, म्हणून डबा उन्हापासून दूर ठेवावा. शिवाय ही दुरुस्ती ७५ च्या आसपासच विश्वासार्ह असते. ह्युमिडॉरसाठी ती पुरेशी आहे, पण कोरड्या हवेच्या नोंदींसाठी सुमारे ३३ टक्के आर्द्रता देणाऱ्या मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणावर वेगळी पारख करावी लागते.