फळमाशीच्या सापळ्यातला वास आला कुठून?

वळवाची एखादी सर पडली की रत्नागिरी-देवगडच्या बागांत फळमाशीची बोंब सुरू होते. कलमाच्या फांदीला टांगलेल्या प्लास्टिकच्या डब्यात तेव्हा मेलेल्या माश्यांचा खच पडतो. वर लटकणारा लाकडी ठोकळा मिथाइल युजेनॉल नावाच्या, माशीला ओढणाऱ्या वासाच्या द्रव्यात भिजवलेला असतो. या वासाचा शोध लागला तो आंब्याच्या बागेत नव्हे, तर डासांपायी, बिहारमधल्या पुशाला.

तिथल्या शेती संशोधन संस्थेत एफ. एम. हॉवलेट हे कीटकशास्त्रज्ञ होते. डास पळवायला शेजाऱ्याने सिट्रोनेला तेल वापरलं, तर भलत्याच माश्या गोळा झाल्या. पाहतात तर सगळे फळमाशीचे नर! हे निरीक्षण त्यांनी १९१२ मध्ये छापलं आणि १९१५ मध्ये त्यामागचा घटक म्हणून मिथाइल युजेनॉलकडे बोट दाखवलं. नर ते नुसतं हुंगत नाही, चक्क खातो. पोटात गेलेल्या त्या द्रव्यापासून मादीला भुरळ घालणारा गंध तयार होतो, म्हणून एवढी धडपड. आपल्या तुळशीतही हे द्रव्य असतं. कुटलेला तुळशीचा पाला ठेवून सापळे लावतात ते त्यामुळेच.

एक गोष्ट मात्र विक्रेते सांगत नाहीत. वास माशीला फक्त बोलावतो. मारायला सोबत कीटकनाशक लागतंच. १९५० च्या दशकात हवाईमध्ये स्टायनर या कीटकशास्त्रज्ञांनी ही जोडी जमवली आणि साठच्या दशकात प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावरून याच पद्धतीने फळमाशीचा नायनाट झाला. पण ते चहूबाजूंनी समुद्र असलेलं बेट. आपल्याकडे शेजारच्या बागेत पडीचे आंबे कुजत असतील, तर एकट्याचे सापळे किती पुरणार? मादी सालीत अंडी घालते, अळ्या गरात वाढतात, कोष मातीत होतो. फळात शिरलेल्या अळीपर्यंत ना फवारणी पोचते, ना वास.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘रक्षक’ सापळा काढला. शिफारस हेक्टरी ४ सापळ्यांची. या माशीची खरी किंमत कळली ती मे २०१४ मध्ये. काही मालात फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला, तो २०१५ च्या सुरुवातीला पुन्हा सुरू झाला. फळातल्या अळ्या मरण्यासाठी ४८ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात तासभर आंबा ठेवण्याची प्रक्रिया तेव्हापासून निर्यातदारांच्या तोंडी बसली.

सुगंधी तेलांनीच माशी मारण्याचे किंवा मादीला फळापासून दूर ठेवण्याचे प्रयोग प्रयोगशाळांत झाले आहेत. अडचण तेलाच्या स्वभावातच आहे: ते उडून जातं, आणि मे महिन्याच्या उन्हात तर फारच लवकर. त्यामुळे निदान आज तरी आमिष म्हणूनच त्याचा भरवसा. तेही प्रत्येक माशीला चालत नाही. पावसाळ्यात मांडवावरची तवसं, पडवळं आणि दोडकी किडवणारी माशी वेगळी, ती मिथाइल युजेनॉलकडे फिरकत नाही. तिच्यासाठी डब्यात क्यू ल्युअर हे दुसरं आमिष घालावं लागतं.