लघवीच्या तपासणीत दिसणारं हृदय

मधुमेह असलेल्या माणसाला साखरेचे आकडे तोंडपाठ असतात. उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, तीन महिन्यांची सरासरी किती. लघवीतलं अल्ब्युमिन किती, असं विचारलं की मात्र बहुतेकजण गप्प होतात, कारण ती तपासणी त्यांना कुणी सांगितलेलीच नसते. मला याची मनापासून खंत वाटते. ही साधी तपासणी मूत्रपिंडाबद्दल बोलते आणि हृदयाबद्दलही.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. गाळणी म्हणजे मुळात केशवाहिन्यांचा गुंता. दिवसभरात त्यांतून जवळपास १८० लिटर द्रव गाळला जातो आणि दीड-दोन लिटर वगळता सगळा परत रक्तात शोषला जातो. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन या गाळणीतून सहसा निसटत नाही. वर्षानुवर्षं साखर आणि रक्तदाब वाढलेला राहिला की केशवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, गाळण्यांमधला दाब चढतो आणि अल्ब्युमिन लघवीत उतरू लागतं. असंच नाजूक अस्तर हृदयाच्या, मेंदूच्या, डोळ्यांच्या रक्तवाहिन्यांनाही असतं. ते एकाच जागी बिघडलं आणि बाकी सगळीकडे शाबूत राहिलं, असं क्वचितच होतं. १९८४ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल एरिक मोगेन्सेन यांनी दाखवून दिलं, की प्रौढपणी मधुमेह झालेल्यांच्या लघवीत अल्ब्युमिन किंचित जरी वाढलेलं असलं, तरी त्यांना अकाली मृत्यूचा धोका जास्त असतो. मूत्रपिंड बिघडलेले कितीतरी मधुमेही डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकाराने जातात.

मग करायचं काय? याचं उत्तर कोपनहेगनच्या स्टेनो मधुमेह केंद्रातल्या एका अभ्यासाने दिलं. टाइप २ मधुमेह आणि लघवीत थोडं अल्ब्युमिन असलेले फक्त १६० रुग्ण त्यात होते. निम्म्यांना त्या काळचे नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या निम्म्यांची साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल एकदमच आटोक्यात आणायचे प्रयत्न झाले. आहार, व्यायाम, धूम्रपान सोडणं आणि मूत्रपिंडाला जपणारी रक्तदाबाची औषधं, सगळं बरोबरीने. हे सुमारे आठ वर्षं चाललं आणि या गटात हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. त्यानंतर दोन्ही गटांना तेच कसून उपचार देऊ केले, तरी आधीची तफावत मिटली नाही. तेरा वर्षांनी पाहिलं तेव्हा पहिल्या गटातले ४० जण दगावले होते, दुसऱ्यातले २४. डायलिसिसची पाळी पहिल्या गटात सहा जणांवर आली, दुसऱ्यात एकावर. विशेष म्हणजे साखरेचं ठरवलेलं उद्दिष्ट दुसऱ्या गटातल्याही फार थोड्यांना गाठता आलं होतं. एकट्या साखरेच्या मागे लागून भागत नाही, हे यातून मला सगळ्यात ठळकपणे दिसतं.

अलीकडे ग्लिफ्लोझिन गटातल्या औषधांनी यात मोठी भर घातली आहे. ती साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि गाळण्यांमधला वाढलेला दाबही उतरवतात. २०१५ पासूनच्या मोठ्या चाचण्यांत त्यांनी हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही सावरलेली दिसली. ती कुणाला द्यायची, हे अर्थातच डॉक्टरांनी ठरवायचं.

आता तपासणीविषयी. रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, नॉर्मल आलं की लोक निश्चिंत होतात, पण मूत्रपिंडाची बरीच ताकद गेल्यावरही तो आकडा नॉर्मलच दिसू शकतो. लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीवरही थोडं अल्ब्युमिन कळत नाही. लॅबमध्ये अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर मागावं. त्यासाठी सकाळची पहिली लघवी उत्तम. दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत आलं तर ठीक. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीचा दमवणारा व्यायाम यांनीही आकडा तात्पुरता चढतो, म्हणून तो जास्त आल्यास तीन ते सहा महिन्यांत तपासणी पुन्हा करतात आणि तीनपैकी दोनदा वाढलेला दिसला तरच खरा मानतात. टाइप २ मधुमेहात ही तपासणी निदान झाल्यापासूनच दरवर्षी करायची असते; टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर सुरू करतात.