स्पोर्ट घ्यावं की कम्फर्ट? आधी टायरच्या कडेचे आकडे वाचा

कोल्हापुरात नवी गाडी एकटा माणूस घेत नाही, अख्खं घर घेतं. हायब्रिड क्रॉसओव्हर, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली उंच बांध्याची गाडी, घ्यायची एवढं ठरलं, की वाद व्हेरिएंटवर, म्हणजे त्याच गाडीच्या कुठल्या प्रकारावर, येतो. पोराला काळं छत, लाल शिलाईच्या सीट आणि मोठी मॅगव्हील असलेलं स्पोर्ट मॉडेल हवं असतं. वडिलांचा कल साध्या, आरामाच्या कम्फर्ट मॉडेलकडे. ते म्हणतात, "अरं, आईच्या कंबरेचं बघ की आधी." स्पोर्ट जास्त पळणार, हे मात्र दोघांनीही धरून चाललेलं असतं. हायब्रिडच्या बाबतीत बहुतेकदा तसं नसतं.

भारतात विकल्या जाणाऱ्या मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे नुसत्या मोटरवरही चालू शकणाऱ्या हायब्रिडमध्ये, दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि मोटर मिळून सुमारे ११६ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप) ताकद मिळते. व्हेरिएंट खालचा घ्या नाहीतर टॉपचा. अमेरिकेत २०१९ च्या मॉडेलपासून काही वर्षं विकल्या गेलेल्या टोयोटा रॅव्ह-४ हायब्रिडचंही तेच होतं. साधी एलई असो वा स्पोर्टी एक्सएसई, ताकद २१९ हॉर्सपॉवरच. एक्सएसईला वेगळं मिळालं ते कडक सस्पेन्शन, म्हणजे चाकांवरचे स्प्रिंग आणि शॉकअप. स्पोर्ट मोडचं बटण दाबल्यावर गाडी अंगात आल्यासारखी उसळते खरी, पण बदलतो तो मुख्यतः ॲक्सिलरेटरचा हिशेब. तेवढ्याच पायाला जास्त प्रतिसाद मिळतो. पाय पूर्ण दाबला तर एरवीही तेवढीच ताकद मिळाली असती. शिलाईच्या लाल दोऱ्याबद्दल विज्ञानाला काही म्हणायचं नाही.

खरा फरक चाकात आहे. टायरच्या कडेला २१५/६० आर १७ असं छापलेलं असतं. २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६० म्हणजे त्या रुंदीच्या ६० टक्के उंचीची रबरी भिंत, आणि १७ हा रिमचा इंचांतला व्यास. गुणाकार केला की भिंत निघते १२९ मिलिमीटर. आता २२५/५० आर १८ घ्या. भिंत ११२ मिलिमीटरच्या आसपास. चाकाचा बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच, म्हणजे रिम मोठी झाली ती रबर आणि हवेची जागा खाऊन. खड्ड्याची कड टायरला लागते तेव्हा दबायला हीच जागा असते. तालमीतला मल्ल लाल मातीच्या हौद्यात आपटला तर उठून परत शड्डू ठोकतो, फरशीवर आपटला तर हाड मोडतं. पडण्याचा वेग तोच असतो, पण माती दबते, थांबायला वेळ देते, आणि वेळ वाढला की बल कमी होतं. भिंत सतरा मिलिमीटरनं कमी झाली की टायरकडचा तो वेळही कमी होतो. खड्डा फारच खोल असला तर रिमच वाकते.

आता कंबरेकडे येऊ. स्प्रिंगवर उभी असलेली गाडी धक्का बसल्यावर ठरावीक वेगानं खालीवर डुलते. आरामासाठी जुळवलेल्या गाडीत हे डुलणं सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा होतं, कडक केलेल्या स्पोर्ट सस्पेन्शनमध्ये ते दोनकडे सरकतं. चाक स्वतः मात्र सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरू शकतं. या दोन्हींच्या मध्ये, सेकंदाला चार ते आठ कंपनांच्या पट्ट्यात, माणसाचं बसलेलं शरीर उभ्या हादऱ्यांना सगळ्यात हळवं असतं. अंगाला बसणारे हादरे मोजण्याचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २६३१, त्यातही याच पट्ट्याला सर्वाधिक महत्त्व दिलंय.

गळीत हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांखाली डांबर दबून लाटा उठलेला एखादा रस्ता डोळ्यांसमोर आणा. लाटांमधलं अंतर दोन मीटर आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. सेकंदाला साडेपाच हादरे. बरोबर त्या हळव्या पट्ट्यात! मऊ स्प्रिंग यातला बराचसा हादरा खालीच अडवते, कडक स्प्रिंग आणि कडक शॉकअप त्यातला जास्त वाटा वर पाठवतात. त्यातून मागच्या सीटवर बसणारा मागच्या चाकांच्या जवळ असतो, म्हणून तक्रार आधी तिथून येते. चालवणाऱ्याला वाटतं गाडी झकास बसलीय.

हायब्रिडमध्ये आणखी एक गोष्ट घडते. महाद्वार रोडच्या गर्दीत गाडी बराच वेळ नुसत्या मोटरवर सरकते, इंजिन गप्प असतं. एरवी इंजिनच्या आवाजाखाली झाकले जाणारे टायरचे आणि सस्पेन्शनचे ठोके मग स्पष्ट ऐकू येतात.

एवढं ऐकून स्पोर्टला मोडीत काढू नका. पुणे–बेंगळुरू हायवेवर शंभरच्या वेगात लेन बदलताना मऊ गाडी आधी कलते, मग वळते, आणि सरळ झाल्यावरही क्षणभर डुलत राहते. कडक गाडी सांगितलं तेवढं करते आणि थांबते. ज्यांचं आठवड्याला पुण्याला जाणं-येणं आहे आणि गाडीत बहुधा एकटेच असतात, त्यांनी स्पोर्ट घेतलं तर मी वेड्यात काढणार नाही. घाटाच्या बाबतीत मात्र एक गैरसमज आहे, की स्पोर्टमध्ये वळणावर कमी फेकलं जातं. चाळीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० नं गाडी घातली, की बाजूला फेकणारा जोर गुरुत्वाच्या साधारण तीस टक्के असतो. व्हेरिएंट कुठलाही असला तरी तेवढाच. सस्पेन्शन ठरवतं ते गाडी किती कलते एवढंच. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना मागच्या सीटवर कुणाला मळमळत असेल, तर पहिला उपाय पाय हलका करण्याचा.

त्याच उतारावर हायब्रिडची खरी गंमत दिसते. दीड टनाची गाडी ५०० मीटर खाली आली, की तिच्याकडची साधारण दोन युनिट वीज होईल एवढी स्थितिज ऊर्जा मोकळी होते. हवा आणि टायर त्यातली काही खातात, उरलेली मोटर उलट फिरून बॅटरीत भरू पाहते. पण या वर्गातल्या हायब्रिडची बॅटरी असते पाऊण युनिटच्या आसपास, आणि तीही घाटमाथ्यावर रिकामी नसते. ती अर्ध्या उतारातच भरली तर? टोयोटा पद्धतीच्या यंत्रणेत दोन मोटरी असतात; जास्तीची वीज दुसऱ्या मोटरला देऊन तिच्याकडून इंजिन नुसतंच फिरवलं जातं, पेट्रोल न जाळता. उतारावर इंजिन एकदम ओरडायला लागलं म्हणून घाबरणारे पुष्कळ आहेत. बिघाड नसतो तो, ब्रेक तापू नयेत म्हणून केलेली सोय असते. लांब उतारावर गिअरमधला 'बी' मोड टाकायचा तो यासाठीच. तो स्पोर्टमध्येही असतो आणि कम्फर्टमध्येही.

राहिलं ॲव्हरेज. हायब्रिडला जास्त पैसे मोजायचे ते त्यासाठीच, आणि मोठी चाकं नेमकी तिथंच हात मारतात. अमेरिकेतल्या २०२३ च्या टोयोटा प्रियसचं उदाहरण स्वच्छ आहे. ती क्रॉसओव्हर नाही, पण इंजिन, मोटर, बॅटरी सगळं तेच ठेवून १७ इंची चाकांच्या एलईचा तिथला सरकारी आकडा गॅलनला ५७ मैल आहे, तर १९ इंची चाकांच्या एक्सएलईचा ५२. आपल्या भाषेत लिटरला २४ आणि २२ किलोमीटर. वरच्या मॉडेलचं जादा वजन यात थोडं आहेच, पण चाकं हा मोठा भाग. जड रिम प्रत्येक सिग्नलला नव्यानं फिरवावी लागते, टायरचं रबर पकडीसाठी केलेलं असेल तर लोळताना जास्त ऊर्जा खातं, आणि चाकांभोवतीची हवाही जास्त घुसळली जाते. शिवाय कमी भिंतीचा मोठा टायर बदलायची वेळ येते तेव्हा बिल मोठं येतं, ते वेगळंच.

टेस्ट ड्राइव्ह मागताना नेमक्या त्याच व्हेरिएंटची, त्याच चाकांची गाडी मागा. शोरूम बहुधा टॉप मॉडेलच पुढं करतं. आईला मागं बसवा, आणि ताराराणी चौकातून गुळगुळीत हायवेला न लागता गल्लीतले गतिरोधक घ्या. सनरूफ किंवा कॅमेऱ्यांसाठी स्पोर्टच घ्यावं लागत असेल, तर त्याच गाडीच्या खालच्या व्हेरिएंटची एक इंच लहान रिम आणि तिचा मूळ टायर बसतो का, हे विचारून बघा. आतली ब्रेकची जागा पुरली आणि बाहेरचा व्यास तोच राहिला तर स्पीडोमीटरही चुकत नाही. वॉरंटी आणि विम्याचं मात्र आधी लेखी विचारून घ्या.