मृगाच्या तोंडावर बंद पडणारा कटर

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात घरोघरच्या माळ्यावरून कटर खाली उतरतो. दुकानात त्याला चेन सॉ म्हणतात, पण घरी आला की तो कटरच. पाऊस लागायच्या आत छपरावर आलेली आंब्याची फांदी उतरवायची असते, चार महिन्यांचं जळण फोडून पडवीत रचायचं असतं, आणि नेमका त्याच आठवड्यात कटर सुरू होत नाही. दोरी वीस वेळा ओढली, तळहाताला फोड आला, शेजारच्यानेही ओढून बघितली, तरी नुसतं फुसफुसतं. दिवाळीत चांगला चालत होता, मग आता काय झालं, असं दरवर्षी कोणीतरी मला विचारतोच.

या प्रश्नाचं उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागतं. कटरमधला प्रत्येक भाग कुठल्या तरी जुन्या अडचणीवरचा तोडगा म्हणून आलेला आहे. दोरी ओढून हात भरून येतात तेव्हा बहुतेक वेळा त्यातल्याच एखाद्या तोडग्याला आजचं पेट्रोल किंवा आपल्याकडचा पाऊस सोसलेला नसतो.

दातेरी साखळीने कापायची कल्पना आधी डॉक्टरांची. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या दोघांनी हाड कापायला अशी साखळी वापरली. दोन्ही टोकांच्या मुठी धरून ती हाताने ओढायची. लाकडाशी तिचा संबंध नव्हता. लाकडासाठी यंत्रावर चालणारी साखळी रुळायला 1920 चं दशक उजाडावं लागलं. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी 1926 मध्ये विजेवर चालणारी करवत केली. 1927 मध्ये एमिल लेर्प यांनी थुरिंगियातल्या डोलमार डोंगरावर पेट्रोलवरची करवत चालवून दाखवली, आणि त्या डोंगराचंच नाव पुढे त्यांच्या यंत्रांना मिळालं. 1929 मध्ये श्टीलचंही पेट्रोलवरचं यंत्र आलं. त्याचं वजन 46 किलो, म्हणजे जवळजवळ सिमेंटचं एक पोतं. ते दोन माणसांनी दोन्हीकडून धरायचं.

आपल्याकडेही दोघांचीच करवत होती, फक्त इंजिनाशिवाय. लोंढ्यावरून गोव्याकडे रेल्वे गेली तेव्हा रुळांखालच्या स्लीपरांसाठी आसपासच्या रानातलं लाकूड पडलं. दांडेलीच्या डेपोत सागवानाचे ओंडके लिलावाला लागत. हा सगळा मुलूख 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता. राज्य बदललं तरी लाकूड पाडायची रीत लगेच बदलली नाही. माझ्या लहानपणी आमच्या गावात मोठं झाड कापायचं म्हणजे कुऱ्हाडीने खाच पाडायची आणि दोघांनी समोरासमोर बसून करवत ओढायची. वखारीतले ते करवतवाले मला अजून आठवतात. एकजण दमला की दुसऱ्याला न सांगता कळायचं, आणि करवतीचा ताल तेवढ्यापुरता मंद व्हायचा.

एका माणसाला उचलता येईल असा कटर दुसऱ्या महायुद्धानंतर आला. श्टीलचं 1950 चं यंत्र 16 किलोंचं होतं. 1959 मध्ये त्यांनीच 12 किलोंचं, गिअर नसलेलं कॉन्ट्रा आणलं आणि जंगलातल्या कामाची पद्धतच बदलली. मधल्या काळात साखळीचे दातही सुधारले. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ बुफर्ड कॉक्स या लाकूडतोड्याने एका भुंगेऱ्याची अळी लाकूड कसं पोखरते ते बारकाईने पाहिलं. ती डावीउजवीकडे जबडा चालवत लाकूड कोरत पुढे जाते. त्यावरून 1947 मध्ये त्याने नव्या दाताची साखळी बाजारात आणली. आज तुमच्या कटरवर आहे ती साखळी त्याच घराण्यातली.

पण कटर सुरू न होण्याचं मूळ साखळीत नसून कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागात आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

ज्यांनी जुन्या चेतकचा किंवा लुनाचा कार्बोरेटर उघडला आहे त्यांना त्यातला फ्लोट माहीत असेल. पाण्याच्या टाकीतला गोळा जसा पाणी वर आलं की कॉक बंद करतो, तसाच तो. गाडी उभी चालते, म्हणून तिथे गोळ्याचं भागतं. कटर मात्र आडवा धरावा लागतो, फांदी छाटताना कधी पार उलटा होतो. आडवं केलं की फ्लोट निकामी, आणि इंजिन एक तर उपाशी राहतं नाहीतर पेट्रोलने बुडतं. म्हणून सुरुवातीच्या कित्येक यंत्रांत इंजिन सरळच ठेवून पात्याची पट्टी फिरवायची सोय असे. झाड आडवं पडलं की आधी पट्टी फिरवा, मग ओंडका कापा.

यावरचा तोडगा म्हणजे डायफ्राम. फ्लोट काढून टाकला आणि त्याच्या जागी जुन्या रुपयाच्या नाण्याएवढा पातळ, लवचीक पडदा आला. असे दोन पडदे असतात. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन खालीवर होताना खालच्या क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीतला, दाब कमीजास्त होतो. त्या धडधडीवर एक पडदा हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसरा पडदा किती पेट्रोल सोडायचं ते ठरवतो. आता कटर कसाही धरा, पेट्रोल पोचतं. कॉन्ट्रासारखी यंत्रं झाडावर चढून वापरता आली ती या पडद्याच्या जिवावर.

आता दोरीचा विचार करा. इंजिन चालू असताना मिनिटाला हजारो धडधडी मिळतात, त्यामुळे पडदा थोडा कडक झाला असला तरी रेटून नेतो. हाताने दोरी ओढताना मिळतात चार-पाच, त्याही कमजोर. कडक पडदा तेवढ्याने हलतच नाही. म्हणून असा कटर सकाळी थंड असताना हट्ट करतो, आणि महत्प्रयासाने सुरू झाला की दिवसभर बरा चालतो. ही खूण दिसली तर ठिणगी देणारा प्लग बदलण्यात पैसे घालू नका, पडद्याकडे बघा.

पडदा कडक का होतो, याचं उत्तर आपल्याच शेताच्या बांधावर सापडतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचा प्रयोग देशात 2001 मध्ये झाला, आणि तो जिथे झाला त्यांपैकी एक ठिकाण म्हणजे आपल्या शेजारचं मिरज. 2003 पासून 5 टक्के मिसळण सुरू झालं. त्यासाठी निवडलेल्या नऊ राज्यांत महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक तिन्ही होती, म्हणजे आमच्या सीमेच्या दोन्ही बाजू एकदमच त्यात आल्या. 2022 मध्ये प्रमाण 10 टक्क्यांवर गेलं. फेब्रुवारी 2023 मध्ये बेंगळुरूत 20 टक्क्यांच्या पेट्रोलची सुरुवात झाली, आणि आता पंपावर तेच मिळतं. चिकोडी, अथणी, निपाणी, हुक्केरीकडचा ऊस कारखान्यात जातो आणि त्याच्या मळीपासून इथेनॉल होतं. उसाला भाव मिळण्यासाठी ते हवंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कटर बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुस्तिकांत साधारणपणे 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, आणि पंपावर हे कोणी सांगत नाही. ते ठळक अक्षरांत सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

इथेनॉल रबराला आधी फुगवतं आणि वाळलं की कडक करतं. दुसरं म्हणजे ते हवेतलं पाणी ओढून घेतं. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल असते, आगपेटी पेटत नाही, तिथे अर्धी भरलेली पेट्रोलची बाटली माळ्यावर ठेवली तर काय होणार? पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टाकीतला फिल्टर तळाशीच लोळत असतो. तो हे पाणी ओढतो. वंगणासाठी पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल मात्र वरच्या पेट्रोलसोबत राहिलेलं असतं. म्हणजे इंजिनात जातं ते ना धड पेटणारं, ना वंगण देणारं.

खात्री करायची असेल तर मापाच्या खुणा असलेली काचेची बाटली घ्या. 100 मिली पेट्रोल आणि 10 मिली पाणी घालून बूच लावा, हलवा, पाच मिनिटं ठेवा. आजूबाजूला आग नको. घातलं होतं 10 मिली पाणी, पण खालचा थर 30 मिलीच्या आसपास दिसतो. ती वाढ इथेनॉलची. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ बाटलीकडे बघत राहिलो होतो.

दुसरी अडचण म्हणजे टू-स्ट्रोकची हरवलेली जाण. जोसेफ डे या इंग्रज अभियंत्याने 1891 च्या सुमारास क्रँककेसमधूनच मिश्रण ढकलणारं साधं टू-स्ट्रोक इंजिन केलं. त्याला वेगळं वंगण नाही, म्हणून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. राजदूत, लुना, आरएक्स 100 होत्या तोवर हे शाळकरी पोरालाही ठाऊक होतं, पंपावर टू-टीचं वेगळं यंत्र असे. 2000 नंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, त्या गाड्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर ती सवयही गेली. आज कटर घेणारा तरुण कधी नुसतंच पेट्रोल घालतो, कधी भीतीने दुप्पट ऑइल ओततो. नुसत्या पेट्रोलने पिस्टन घासून जाम होतो. जास्त ऑइलने प्लग काळा होतो आणि सायलेन्सरची जाळी काजळीने बुजते. धूर बाहेर पडायला वाट नसेल तर नवं मिश्रण आत येत नाही, आणि दोरी ओढणारा दमतो.

तीन वर्षांपूर्वी मी स्वतः आमच्या काकांचा कटर असाच खराब केला होता. जूनमध्ये वाऱ्याने फणस वाटेवर पडला, आणि मी चोक (थंड इंजिनाला हवा कमी, पेट्रोल जास्त देणारा खटका) ओढून दोरी ओढत सुटलो. एकदा फट् झालं, तरी चोक तसाच. काका पडवीतून म्हणाले, "किती ओढूलालास रे? आधी प्लग काढून बघ की." मी ऐकलं नाही. उलट पेचकस घेऊन कार्बोरेटरचे स्क्रू फिरवले. शेवटी बेळगावात उद्यमबागेजवळच्या एका वयस्कर मेस्त्रींकडे घेऊन गेलो. त्यांनी यंत्र हातातही घेण्याआधी टाकीचं झाकण उघडून वास घेतला. "हे गेल्या सालचं पेट्रोल आहे बघा. रॉकेलासारखा वास आलाय." मग कार्बोरेटरचं चार स्क्रूंचं झाकण काढून पडदा चिमटीत धरला आणि माझ्या कानाजवळ वाकवला. वाळक्या पानासारखा आवाज आला. नवा पडदा वाकवला तर काहीच आवाज नाही, ओल्या फडक्यासारखा मऊ.

त्यांची तपासायची रीत मी तेव्हापासून सोडलेली नाही. आधी पेट्रोल: महिन्याहून जुनं असेल तर ओतून टाकायचं. मग प्लग. दहा वेळा ओढूनही तो कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही, आणि फिल्टर, नळी, पडदा असं मागे जात शोधायचं. ओला निघाला तर एक तर इंजिन पेट्रोलने बुडालंय किंवा ठिणगी नाही. बुडालं असेल तर चोक आत, स्विच बंद, प्लग बाहेर, यंत्र उलटं धरून पाच-सहा वेळा दोरी ओढायची, प्लग पुसून अर्ध्या मिलिमीटरच्या फटीवर परत बसवायचा. ठिणगी नसेल तर फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकाच्या, चुंबकावरचा गंज घासून त्यापासून ठिणगीच्या कॉइलचं अंतर बघायचं. एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढंच ते हवं. टाकीचं झाकण सैल केल्यावर सुस्कारा येऊन कटर सुरू होत असेल तर हवेचं भोक बुजलेलं आहे. आणि इंजिनात जीव आहे का हे बघायला मेस्त्री कटर दोरीच्या मुठीला धरून अधांतरी लटकवतात. थांबत थांबत, हळूहळू खाली आला तर दाब ठीक. सरळ खाली घसरला तर पिस्टनच्या रिंग गेल्या, मग कार्बोरेटरशी खेळून उपयोग नाही. स्क्रूंना हात सगळ्यात शेवटी.

सुरू करतानाही एकच लक्षात ठेवायचं: पहिलं फट् झालं की चोक आत. कटर जमिनीवर, पाय मागच्या मुठीत, चेन ब्रेक लावलेला. हवेत झटका देऊन सुरू करणारे बरेच दिसतात. त्यातल्या एकाच्या मांडीला पडलेले टाके मी पाहिले आहेत.

काकांच्या कटरला पडद्यांचा नवा संच बसला. आता ऑक्टोबरात काम संपलं की टाकी रिकामी करून कटर आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो आणि मगच माळ्यावर ठेवतो. मिश्रण लागेल तेवढंच करतो, एका लिटरला 20 मिली ऑइल, गुरांच्या डॉक्टरांकडची जुनी मोठी सिरिंज त्यासाठीच ठेवली आहे. बाटलीवर तारीख काकाच लिहितात.