केसांसकट कातडे: देवघरातले आसन आणि गावाबाहेरचे काम

इथे गोव्यात, ओळखीतल्या एका मुलाने खाटकाकडून बकऱ्याचे कातडे आणले, व्हिडिओ बघून मीठ चोळले, तुरटीच्या पाण्यात भिजवले आणि सुकवून ओसरीवर अंथरले. एप्रिल-मे छान गेले. मृगाचा पाऊस लागला तसे कातडे ओलसर, चिकट झाले, वास मारू लागले आणि केस मूठमूठ हातात येऊ लागले. त्याच्या आजीने ते काठीने उचलून बाहेर टाकले. त्याच आजीच्या देवघरात, तिच्या सासऱ्यांच्या काळापासून, हरणाच्या कातड्यावर बसून जप होत आला होता.

ही विसंगती जुनी आहे. केसांसकट ठेवलेले कातडे म्हणजे अजिन, आणि ते पवित्र. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या आसनासाठी वस्त्र, अजिन आणि कुश सांगितले आहेत. ज्ञानेश्वरीत त्याच जागी अजिनासाठी 'मृगसेवडी' असा देखणा शब्द येतो. मनुस्मृतीत मुंज झालेल्या बटूने काळवीट, रुरू मृग किंवा बकरा यांचे कातडे वर्णाप्रमाणे पांघरावे, असे आहे. केस काढले की मात्र तेच कातडे चामडे होते आणि चामड्याला विटाळ चिकटतो. खरे तर अजिन असो की चप्पल, मास खरवडून कातडे टिकाऊ करणारा हात एकाच समाजाचा. त्याच्या हातचे आसन देवघरात आले. तो स्वतः उंबऱ्यापाशीही आला नाही. कातडे कमावण्याची विद्या आपल्या घरांत कधी नव्हतीच, त्यामुळे आजीला सोवळे ठाऊक होते, पण कृती ठाऊक नव्हती.

कृतीचे मर्म असे. केसाचे मूळ कातडीच्या अगदी वरच्या थरात रुतलेले असते आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते. चपलेच्या चामड्यासाठी चांभार-ढोर कातडे चुन्यात घालत, म्हणजे केस आपोआप सुटत. केस राखायचे तर चुना वर्ज्य. मग उरते घाई: जनावर सोलल्यापासून काही तासांत मास खरवडून मीठ भरायचे, कारण गोव्याच्या दमट उष्म्यात दिरंगाई परवडत नाही. मीठ पाणी ओढून घेते आणि जिवाणूंची वाढ रोखते. (मीठ म्हणजे गोव्याची घरची वस्तू. तरी १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर १८९२पर्यंत इथल्या मिठागरांवर इंग्रजांचा ताबा होता.)

नंतर तुरटी. हिरडा, बाभळीची साल, तरवड यांनीही कातडे कमावता येते, पण त्यांचा तपकिरी रंग केसांनाही लागतो. तुरटीने कातडे पांढरे राहते, म्हणून अजिनासाठी तीच सोयीची. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात तिला सौराष्ट्री म्हणतात. कच्छमध्ये तिच्या खाणी होत्या. बहुतेक कृतींत तुरटीबरोबर मीठही असते. शेवटी कातडे अर्धवट सुकले असताना तेल किंवा अंड्याचा बलक चोळून ते ताणत, मळत राहायचे. हे सगळ्यांत कंटाळवाणे काम. ते टाळले की कातडे पुठ्ठ्यासारखे कडक होते.

तुरटीची खोड एकच: तिची कातड्याशी बांधणी कच्ची असते आणि पाण्याने ती सुटते. त्यात उरलेले मीठ पावसाळी हवेतली ओल खेचते. त्या मुलाचा जून असा बिघडला. जुन्या घरांत अजिन पावसाळ्यात गुंडाळून चुलीवरच्या माळ्यावर ठेवत, ते का, हे इथे कळते. पाण्याला न डगमगणारी क्रोमची (क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची) पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. जर्मन रसायनज्ञ क्नाप यांनी १८५८मध्ये ती मांडली आणि १८८४मध्ये अमेरिकेत शुल्ट्झ यांनी पेटंट घेतले. पण ती कारखान्याची विद्या. दक्षिणेतल्या शिकाऱ्यांचे वाघ-बिबटे प्राण्यांची कातडी जतन करणाऱ्या म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्याकडे जात. तिथून परतलेली कातडी भिंतीवर गेली, देवघरात नाही.

गोवा १९६१मध्ये मुक्त झाला आणि ११ वर्षांनी वन्यजीव संरक्षण कायदा आला. हरीण, सांबर, वाघ यांची नवी कातडी मिळवणे गुन्हा ठरले. घरातल्या जुन्या वस्तू जाहीर करायला २००३मध्ये १८० दिवसांची मुदत दिली गेली. तेव्हा कितीतरी घरांना आपले आसनही यात बसते हे सुचलेच नाही, असा माझा अंदाज आहे. माळ्यावरच्या गुंडाळीला कोण वन्यजीव म्हणेल?

घोरपडीची गोष्ट याच कायद्यातली. घुमट म्हणजे गोव्याचे मातीच्या मडक्याचे वाद्य. त्याच्या रुंद तोंडावर तिचेच कातडे चढवत, आणि तिची शिकार बंद झाल्यावर घुमट मुके होते की काय, अशी काळजी होती. पण बकऱ्याच्या कातड्यावर ते वाजत राहिले. घोरपडीच्या आवाजाची सर नाही, असे जुने वादक म्हणतात. तरी चतुर्थीच्या आरत्या त्यावरच रंगतात आणि २०१९मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला.

अजिनाचेही तसेच झाले आहे. मनुस्मृतीच्या यादीत बकरा शेवटचा, वैश्य बटूसाठीचा. काळवीट आज कायद्याने मिळत नाही. बकऱ्याचे कातडे बाजाराच्या दिवशी खाटकाकडे पडून असते, बहुतेकदा फुकट. त्या मुलाने दुसरे आणले आहे. या वेळी दिवाळीनंतर.