झोन मोठा म्हणजे अर्क जोरदार?

एका वनस्पती-अर्काचा झोन, म्हणजे प्लेटवर अर्काभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, २२ मिमी, दुसऱ्याचा ११ मिमी. म्हणजे पहिला दुप्पट प्रभावी! प्रोजेक्ट रिपोर्टांत हे वाक्य इतक्यांदा येतं की आता वाचवत नाही.

जंतू पसरलेल्या अगरमध्ये (प्लेटमधल्या जेलीसारख्या थरात) भोक पाडून अर्क भरायचा, रात्रभर ३५ अंशांना ठेवायचा, सकाळी पट्टी लावायची, हे सगळ्यांनाच येतं. घोळ पुढे होतो. झोन किती मोठा येणार, हे अर्कातला घटक जंतूंना किती रोखतो यावर ठरतं, तसंच तो अगरमधून किती लांब जातो यावरही. अगर म्हणजे बहुतांशी पाणी. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ते भोकाच्या कडेला पिवळं कडं करून बसतं आणि आपण लिहून मोकळे होतो, 'परिणाम नाही'. उलट लहान, पाण्यात विरघळणारा रेणू कमजोर असला तरी लांब पोहोचतो. अगर ४ मिमीऐवजी ३ मिमी जाडीचा ओतलात, तरी झोन फुगतो. त्यात भोकात किती मिलिग्रॅम अर्क होता, हे पुष्कळांनी लिहिलेलंच नसतं. आणि प्रतिजैविकांच्या चकत्यांसाठी बनवलेला 'संवेदनशील–प्रतिरोधी' तक्ता अर्काला लावणं तर निव्वळ चूक.

एमआयसीत (जंतूंची वाढ थांबवणारं अर्काचं सर्वांत कमी प्रमाण मोजताना) अर्क आणि जंतू एकाच खळग्यात असतात, त्यामुळे पसरण्याचा प्रश्न उरत नाही. डीएमएसओ या द्रावकातला १०० मिग्रॅ/मिली अर्क ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या पातळ माध्यमात) ५० पट पातळ करा. मग खळग्याखळग्यांत १००-१०० मायक्रोलिटर पुढे नेत निम्मानिम्मा करा आणि प्रत्येकात तेवढंच जंतूंचं द्रावण घाला. पहिल्या खळग्यात अर्क १००० मायक्रोग्रॅम/मिली, डीएमएसओ १ टक्का आणि जंतू मिलीला ५ लाख हवेत. नुसत्या डीएमएसओची रांग ठेवाच. ब्रॉथ घालताच अर्काचा साका बसला, तर पुढचे आकडे व्यर्थ.

एमबीसी, म्हणजे जंतू मारणारं सर्वांत कमी प्रमाण, वेगळी: तिथे वाढ थांबून भागत नाही, ९९.९ टक्के जंतू मरावे लागतात. गढूळ न झालेल्या खळग्यातले १० मायक्रोलिटर प्लेटवर पसरा. सुरुवातीला त्यात ५,००० जंतू होते, आता ५ किंवा कमी वसाहती हव्यात.

झोन फक्त चाळणीसाठी वापरावा. अर्कांची क्रमवारी एमआयसीवरच लावावी. मात्र गडद अर्कात गढूळपणा दिसत नाही म्हणून रेझाझुरिन (जिवंत जंतू असले की निळ्याचा गुलाबी होणारा रंग) घालता, तेव्हा जंतूंविना नुसत्या अर्काचा खळगाही ठेवा. ऑक्सिडीकरणरोधक अर्क स्वतःच निळ्याचा गुलाबी करतो, आणि चांगला अर्क निष्प्रभ म्हणून बाद होतो.