जॅकेट कुठंय? फॅक्टरी कस्टम आणि कस्टम केलेली बाइक यातला फरक

गेल्या महिन्यात मामेभावाने शनिवारी सकाळी सकाळी फोन करून उठवलं. म्हणे दादा चल लवकर, गंगापूर रोडला एक शॉटगन बाइक बघायचीये, लिमिटेड एडिशन आहे, फॅक्टरी कस्टम, मालक चार सत्तर म्हणतोय पण चार साठला देईल. मी म्हटलं कुठली लिमिटेड, तर म्हणे आयकॉनवाली. आता रॉयल एनफील्डने आयकॉन या रायडिंगचे कपडे बनवणाऱ्या कंपनीसोबत शॉटगन ६५० ची आयकॉन एडिशन काढली फेब्रुवारी २०२५ मध्ये, अख्ख्या जगात मिळून १००, त्यातल्या भारताच्या वाट्याला २५, किंमत ४.२५ लाख एक्स-शोरूम. त्या पंचवीसातली एक आपल्या नाशकात फिरतेय आणि आपल्याला पत्ता नाही? असेलही म्हटलं, तोंड धुतलं आणि निघालो.

पार्किंगमध्ये गाडी उभी होती आणि खरं सांगतो, लांबून बघताना मीसुद्धा क्षणभर फसलो. सोनेरी रिम्स, मागच्या शॉकअपला निळ्या स्प्रिंगा, लाल सीट, हँडलच्या टोकाला आरसे, टाकीवर रेसिंगवालं ग्राफिक, सगळं जागच्या जागी. मालक तिशीतला, बोलायला एकदम सभ्य. मी पहिला प्रश्न विचारला, जॅकेट कुठंय? तो गोंधळला. त्या एडिशनसोबत आयकॉनचं खास रायडिंग जॅकेट येत होतं, गाडी घेणाऱ्यालाच मिळायचं. तो म्हणाला कसलं जॅकेट. मग मी टाकीच्या झाकणाशी वाकून नखाने कड चाचपली तर रॅपची, म्हणजे रंगावर चिकटवलेल्या फिल्मची, कड किंचित उचललेली, आणि खाली राखाडी. शीट मेटल ग्रे, म्हणजे शॉटगनचा सगळ्यात स्वस्तातला रंग. तरी म्हटलं आरसी दाखवा. रजिस्ट्रेशन जून २०२४. आता जी एडिशन फेब्रुवारी २०२५ मध्ये जन्माला आली तिची गाडी आठ महिने आधी आरटीओत पासिंगला कशी जाईल?

पण गंमत अशी की तो माणूस लबाड नव्हता. त्याचं म्हणणं साधं होतं, सीट कंपनीची, आरसे कंपनीचे, बिलं आहेत, म्हणजे सगळं सामान फॅक्टरीचं, मग फॅक्टरी कस्टमच झाली की नाही? तर नाही झाली. आणि हा घोळ फक्त त्याच्या एकट्याच्या डोक्यात नाहीये, सेकंडहँडच्या अर्ध्या जाहिरातींत आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

फॅक्टरी कस्टम म्हणजे गाडी कारखान्याच्या गेटातून बाहेर पडली तेव्हाच तशी होती. डिझाइन कंपनीचं, रंग कंपनीने मारलेला, त्या रूपात मंजुरी घेतलेली आणि बिलावर तीच किंमत. कस्टम केलेली म्हणजे साधी गाडी बाहेर पडली आणि मग शोरूमच्या काउंटरवर, गॅरेजात किंवा मालकाच्या पार्किंगमध्ये तिच्यावर सामान चढलं. सामान कंपनीचं असलं तरी. पार्ट कुणी बनवला हा मुद्दाच नाही, गाडी कुणी बनवली हा मुद्दा आहे. शेजारी शेजारी उभ्या केल्या तर दोन्ही सेम दिसतील, विकायला काढल्या की लाखभराचा फरक पडेल.

शब्दाचा उगम सांगायचा तर १९७१ पर्यंत मागे जावं लागतं. अमेरिकेत पोरं हार्लेचे अवजड टूरर, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्या, घेऊन घरच्या गॅरेजात कापत होती, जड सामान काढून फेकत होती, पुढचे बारीक फोर्क लावत होती. विली जी डेव्हिडसन, म्हणजे संस्थापकांपैकी एकाचा नातू, कंपनीतच डिझायनर, त्याने हे बघितलं आणि मोठ्या एफएल गाडीची फ्रेम आणि इंजिन घेऊन त्याला हार्लेच्याच हलक्या स्पोर्टस्टरचा पुढचा भाग जोडला. ती सुपर ग्लाइड, आणि पहिली फॅक्टरी कस्टम म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. तिला मागे फायबरची होडीसारखी शेपटी होती, ती लोकांना अजिबात आवडली नाही म्हणून कंपनीने लवकरच साधी केली, आणि आज शौकीन लोक नेमकी तीच होडीवाली १९७१ ची शोधत फिरतात. पुढे १९९९ पासून हार्लेने या कामासाठी सीव्हीओ नावाचा वेगळा विभागच चालवला, कस्टम व्हेइकल ऑपरेशन्स. त्या गाड्यांच्या मॉडेल कोडमध्ये बहुतेक वेळा एसई येतं, म्हणजे हार्लेच्या साध्या स्ट्रीट ग्लाइडवर कितीही महागडं सामान चढवा, कोड काही बदलत नाही.

इथे आणखी एक गुंता आहे. फॅक्टरी कस्टम असली म्हणजे लिमिटेड असतेच असं नाही, आणि नावात लिमिटेड असलं म्हणजे तर मुळीच नाही. हार्लेची अल्ट्रा लिमिटेड ही नेहमीची टूरिंग गाडी, लिमिटेड हे तिचं नुसतं नाव, आपल्याकडे पोराचं नाव दुर्मिळ ठेवावं तसं. ट्रायम्फने रॉकेट ३ ची २२१ स्पेशल एडिशन काढली होती, एक जण मला छातीठोकपणे सांगत होता की जगात २२१ च आहेत. अरे बाबा, तो त्या इंजिनचा टॉर्क आहे, २२१ न्यूटन मीटर! उलट त्याच ट्रायम्फची टीएफसी, जिचा फुल फॉर्मच ट्रायम्फ फॅक्टरी कस्टम, त्या रॉकेट ३ टीएफसी खरोखर मोजून बनवलेल्या होत्या, प्रत्येकीवर नंबरची प्लेट. म्हणून स्पेशल, अॅनिव्हर्सरी, सिग्नेचर, डार्क असले शब्द वाचून पाघळू नका. एकच विचारा, कंपनीने किती बनवणार हे आधी जाहीर केलं होतं का आणि गाडीवर तिचा नंबर आहे का. हार्लेच्या २०२२ च्या लो रायडर एल डायब्लोला १,५०० हा आकडा आहे. जावाच्या नव्वदीच्या एडिशनला ९० होता, त्या तर सोडत काढून वाटल्या. रॉयल एनफील्डच्या १२० वर्षांच्या ६५० ट्विन्स भारतात ६० अधिक ६० अशा १२० होत्या आणि ६ डिसेंबर २०२१ ला १२० सेकंदांत संपल्या. आपल्याकडे नंबरवाल्या गाड्या आहेतच किती.

आता किमतीचं. कस्टम केलेल्या गाडीचा हिशोब मी स्वतःच्या खिशाने शिकलोय. माझी रॉयल एनफील्डची मीटिओर होती, तिला वर्षभरात टूरिंग सीट, विंडस्क्रीन, क्रॅश गार्ड, आरसे असं करत करत अठ्ठावीस हजाराचं सामान लावलं, सगळं ओरिजिनल, सगळ्याची बिलं फाइलला. विकायला द्वारकाजवळ एका डीलरकडे नेली तर त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि साध्या मीटिओरचा भाव सांगितला. मी फाइल उघडली, त्याने ती हातसुद्धा न लावता बंद केली. म्हणाला साहेब, तुमची आवड तुम्हाला, माझ्या गिऱ्हाइकाला साधी पाहिजे. तेव्हा राग आला होता, आता वाटतं बरोबरच बोलला. लावलेलं सामान म्हणजे लग्नात दिलेला आहेर, परत मोजून मिळत नाही.

त्यावर इलाज एकच, स्टॉक पार्ट, म्हणजे गाडीसोबत आलेले मूळ पार्ट, माळ्यावर जपून ठेवा. विकताना गाडी पुन्हा मूळ रूपात आणा आणि सामान सुटं विका. सुट्या सीटला, सुट्या विंडस्क्रीनला गिऱ्हाईक मिळतं, गाडीवर लावलेली असेल तर तीच फुकटात जाते.

नंबरवाल्या फॅक्टरी कस्टमचा हिशोब बरोब्बर उलटा. तिथे एकही पार्ट बदलला की किंमत खाली. आरसा बदलला तरी जुना आरसा डब्यात पाहिजे. आणि गाडीइतकीच किंमत सोबतच्या कागदांना, खोक्याला, चिठ्ठ्याचपाट्यांना आहे. रॉकेट टीएफसीसोबत कंपनीच्या सीईओच्या सहीचं पत्र आणि त्या गाडीचं बिल्ड बुक यायचं, ते नसेल तर पुढचा माणूस भाव पाडणारच. म्हणून मी जॅकेट विचारलं होतं, थंडी वाजत होती म्हणून नाही.

अशा गाडीची सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे टाकी. नंबर बहुतेक वेळा टाकीवर असतो. आपल्याकडे रविवार कारंजाला संध्याकाळी गाडी लावा, कुणाच्या तरी पिशवीची बकल घासून जाणारच. साध्या गाडीची टाकी बदलता येते, नंबरवालीची बदलली तर नवी टाकी येईल पण तो नंबर येणार नाही, मग उरलं काय. अशा वेळी पोचा काढणारा चांगला कारागीर शोधा, टाकी बदलू नका, आणि क्लेमवाल्यांनाही तेच सांगा.

क्लेमवरून आठवलं, इन्शुरन्सला तुमच्या लिमिटेडचं काही पडलेलं नसतं. आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, ठरलेल्या घसाऱ्याने उतरतो, एक वर्ष झालं की २० टक्के, दोन झाली की ३०, मग ४०, आणि पाचव्या वर्षात ५०. म्हणजे ४.२५ लाखाची आयकॉन बाजारात पाच लाखाला मागितली जात असली तरी पॉलिसीवर दुसऱ्या वर्षी ३.४० लाखच दिसणार. चोरीला गेली तर तेवढेच हातात. पाच वर्षांनंतर मात्र आयडीव्ही दोघांच्या संमतीने ठरतो, तिथे बिलं, फोटो, कंपनीची कागदपत्रं घेऊन बोलता येतं, तेव्हा तोंड उघडा. कस्टम केलेल्यांनी आणखी एक करावं, नंतर लावलेलं सामान पॉलिसीत वेगळं लिहून घ्यावं. मी घेतलं नव्हतं, कसारा घाटात पावसात गाडी घसरली आणि विंडस्क्रीनचे पैसे शून्य. चूक माझीच.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं, आणि मालकाने बदल केला तर प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. फॅक्टरी कस्टमचा सायलेन्सर कितीही आडदांड दिसो, तो मंजुरी घेऊन आलाय. तसाच दिसणारा बाहेरचा सायलेन्सर मात्र उद्या पोलिसांच्या रोडरोलरखाली जाऊ शकतो, ते फोटो आपण पेपरात बघतोच.

रंगाचीही एक मजा सांगतो. रॉयल एनफील्डची क्लासिक ५०० पेगासस आठवत असेल, २०१८ ची, जगात १,०००, भारतात २५०, दुसऱ्या महायुद्धातल्या पॅराट्रूपर्सच्या फ्लाइंग फ्ली या हलक्या बाइकवरून केलेली. ती दोन रंगांत होती, तपकिरी आणि ऑलिव्ह हिरवी, पण भारतात फक्त तपकिरी आली कारण ऑलिव्ह हिरवा आपल्याकडे सैन्याच्या गाड्यांशिवाय कुणाला चालत नाही. तेव्हा नाशकात कुणी हिरवी पेगासस दाखवली तर पुढचं काही न बघता चहा प्या आणि घरी या.

खरी निघाली तरी किती द्यायचे, हा प्रश्न राहतोच. मी आधी त्याच वयाच्या, त्याच किलोमीटरच्या साध्या गाडीचा भाव काढतो. मग लिमिटेडसाठी नवी असताना कंपनीने किती जास्त घेतले ते बघतो. शॉटगन जानेवारी २०२४ ला ३.५९ लाखापासून आली होती आणि आयकॉन ४.२५, म्हणजे साधारण सहासष्ट हजार. हा फरक कागद पूर्ण असतील तर मी पूर्ण देईन, खूपच मन बसलं तर थोडा जास्त, त्यापुढे विकणाऱ्याची हाव. हल्ली ३५० सीसीच्या वर ४० टक्के जीएसटी झालाय, त्यामुळे नव्या गाड्या महागल्या आणि जुन्यांचे मालकही ताठले आहेत, ते धरून चला. चॉइस नंबरचे पैसे मात्र कुणी मागितले तर हसून सोडून द्या, एमएच १५ चा ०००९ ही त्याची हौस, गाडीची नाही.

कमी चालवलेली म्हणजे चांगली हेही अर्धंच खरं. तीन वर्षांत नऊशे किलोमीटर चाललेली गाडी म्हणजे बॅटरी मेलेली, टाकीत शिळं पेट्रोल, टायर दगड. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी नवी कोरी दिसेल पण रबर म्हातारं. महिन्यातून दोनदा त्र्यंबक रोडला किंवा वणीपर्यंत फिरवलेली, सर्व्हिस बुक भरलेली गाडी मी कधीही आधी उचलेन. समृद्धीचं स्वप्न बघू नका, तिथे बाइकला बंदी आहे.

तर त्या गंगापूर रोडवाल्या शॉटगनचं मी मामेभावाला काय सांगितलं, तर तेवढ्याच वापरलेल्या राखाडी शॉटगनचा जो भाव असेल तो दे, रॅप काढायचा खर्च त्यातून वजा कर, सीट आवडली असेल तर तिचे पाच हजार वर ठेव. मालकाचं तोंड उतरलं, पण आरसी हातात असल्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. व्यवहार झाला नाही. रात्री साडेदहाला मामेभावाचा मेसेज आला, दादा, ते जॅकेट सेकंडहँडमध्ये कुठं मिळेल का?